पडद्याचा वाटा

शाळेत नवा संगणक येतो. खोक्यावर 'स्मृती ८ जीबी' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. संगणक सुरू करून त्याच्या माहितीचे पान उघडले, तर तेथे ८ जीबीच्या पुढे बारीक अक्षरांत 'वापरण्याजोगी ७.८ जीबी' असा किंवा त्याच्या जवळपासचा आकडा दिसतो. मग शंका येते, की उरलेली स्मृती गेली कुठे? दुकानदाराने फसवले तर नाही ना?

फसवणूक झालेली नसते. कमी पडलेल्या स्मृतीचा मोठा भाग बहुधा पडद्याच्या नावे लावलेला असतो. ज्या संगणकात ग्राफिक्सचे वेगळे कार्ड नसते, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ज्याचे ग्राफिक्स 'ऑनबोर्ड' असते, त्यात पडद्यावरचे चित्र संगणकाच्या सामाईक स्मृतीतच ठेवावे लागते. स्मृती म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात रॅम म्हणतो ती. तिच्यातला किती वाटा पडद्याला द्यायचा आणि द्यायचा की नाही, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत त्याची उत्तरे अनेकदा बदलली आणि फिरून जुनी उत्तरे परतही आली. असे का झाले, ते या लेखात पाहू.

पडद्याच्या दोन भुका

आधी थोडे गणित करू. चौकटीच्या कागदावर ८ आडवे आणि ८ उभे असे ६४ चौकोन घ्या. काही काळे करा, काही पांढरे ठेवा. काळ्यासाठी १ आणि पांढऱ्यासाठी ० लिहिले, तर हे चित्र ६४ अंकांत म्हणजे ६४ बिटांत मावते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हे झाले ८ बाइट. रंग हवे असतील तर प्रत्येक चौकोनासाठी अधिक बिट लागतात.

आता आजचा पडदा घ्या. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. ही झाली जागेची भूक.

दुसरी भूक सहज लक्षात येत नाही. पडद्यावर उमटलेले चित्र आपोआप टिकत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने चमकलेला ठिपका क्षणार्धात विझे, म्हणून सगळे चित्र सेकंदाला ५० - ६० वेळा पुन्हा रंगवावे लागे. आजच्या सपाट पडद्यालाही साधारणपणे सेकंदाला ६० वेळा चित्र पुरवले जाते. म्हणजे तुम्ही हात बांधून स्थिर चित्राकडे नुसते पाहत बसलात, तरी स्मृतीतून सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट वाचले जात असतात. स्मृती एका वेळी एकाचेच काम करते. पडद्यासाठी वाचन चालू असेल तेवढा वेळ प्रोसेसरला थांबावे लागते. ही झाली वेळेची भूक.

जागा किती महाग आणि स्मृती किती वेगवान, या दोन गोष्टींवर पुढचा सगळा इतिहास ठरला.

स्मृती हाच पडदा

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बनवलेल्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठवलेला प्रोग्राम पहिल्यांदा चालवून दाखवला. या यंत्राला लाडाने 'बेबी' म्हणत. त्याची स्मृती म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखीच एक नळी होती. तिच्या काचेवर ३२ ओळींत प्रत्येकी ३२ असे १,०२४ ठिपके विद्युतभाराच्या रूपाने उमटवलेले असत. भार गळून जाई, म्हणून ते ठिपके सतत वाचून पुन्हा लिहावे लागत.

स्मृतीच्या नळीचे तोंड विद्युतभार टिपणाऱ्या पत्र्याने झाकलेले असल्यामुळे ती थेट पाहता येत नसे. म्हणून तिला दुसरी एक नळी जोडली होती. हिच्या तोंडावर स्मृतीतले ठिपके जसेच्या तसे दिसत. उत्तर वाचायचे तर या ठिपक्यांकडेच पाहायचे. चित्रासाठी वेगळी जागा नव्हती आणि वेगळा वेळही नव्हता, कारण स्मृती टिकवण्यासाठी जे वाचन करावे लागे, तेच पडद्यालाही पुरत असे. वाटणीचा प्रश्नच उद्भवला नाही. ही सोय फार वर्षे टिकली नाही. चुंबकीय कड्यांची स्मृती आली, ती डोळ्यांना काहीच दाखवत नव्हती, आणि पडदा स्मृतीपासून दुरावला.

एकाच संस्थेत दोन उत्तरे

१९७३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे जवळजवळ एकाच वेळी तयार झाली.

पहिले उत्तर रिचर्ड शूप यांचे. त्यांच्या 'सुपरपेंट' या यंत्रावर रंगीत चित्रे काढता येत. आडवे ६४० आणि उभे ४८० बिंदू, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे सुमारे ३ लाख बाइट त्याला लागत. शूप यांनी ही स्मृती संगणकाच्या स्मृतीपासून पूर्णपणे वेगळी ठेवली. ती एखाद्या फिरत्या रांगेसारखी होती. सगळे बिंदू एकामागून एक पडद्याकडे सरकत राहत आणि फिरून रांगेच्या टोकाला जात. एखादा बिंदू बदलायचा तर त्याची पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागे. पण संगणकाच्या स्वतःच्या कामात पडद्याची अडचण मुळीच होत नसे.

दुसरे उत्तर चक थॅकर यांनी रचलेल्या 'आल्टो' या संगणकाचे. त्याचा पडदा कृष्णधवल होता, आडवे ६०६ आणि उभे ८०८ बिंदू. प्रत्येकाला एक बिट धरला, तरी ६१,२०६ बाइट होतात. आल्टोची सगळी स्मृती १२८ किलोबाइट. थॅकर यांनी चित्र याच स्मृतीत ठेवले. म्हणजे जवळजवळ निम्मी स्मृती पडद्याने घेतली. वेळेचा हिशेब तर त्याहून कठीण होता. पूर्ण पडदा वापरात असला, की प्रोसेसरचा निम्म्याहून अधिक वेळ तो रंगवण्यातच जाई.

इतकी किंमत का मोजली? चित्र सामाईक स्मृतीत असल्यामुळे कोणताही प्रोग्राम पडद्यावर कुठेही काहीही काढू शकत होता. निरनिराळ्या वळणांची अक्षरे, रेखाटने, एकमेकांवर ठेवलेल्या कागदांसारख्या चौकटी हे सारे स्मृतीत अंक लिहिण्याइतके सोपे झाले. आज आपण माऊस फिरवून ज्या खिडक्या उघडतो, त्यांचे मूळ आल्टोत आहे. आज महाग असलेली स्मृती उद्या स्वस्त होणार, या भरवशावर त्या मंडळींनी हा खर्च केला होता.

नळावरची पाळी

झेरॉक्सला जे परवडले ते घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकाला परवडणारे नव्हते. तेथे काटकसर हवी होती आणि तिच्यातूनच काही सुंदर युक्त्या निघाल्या.

स्टीव्ह वॉझनियाक यांचा 'ॲपल-२' १९७७ मध्ये आला. त्यातला ६५०२ हा प्रोसेसर आपल्या प्रत्येक ठोक्याच्या अर्ध्या भागातच स्मृतीकडे जातो. उरलेला अर्धा भाग स्मृती मोकळी असते. वॉझनियाक यांनी तो अर्धा भाग पडद्याला दिला. एकाच नळावर दोन बिऱ्हाडांनी आलटून पालटून पाणी भरावे, आणि पाळ्या इतक्या नेमक्या असाव्यात की कोणालाच थांबावे लागू नये, तसे हे झाले. शिवाय त्या काळच्या स्वस्त स्मृतीतला विद्युतभार काही सहस्रांश सेकंदांत गळून जाई, म्हणून ती सतत वाचत राहणे भाग होते. पडद्यासाठी होणाऱ्या वाचनातच वॉझनियाक यांनी हे कामही उरकून घेतले. मँचेस्टरच्या बेबीतली सोय अशा रीतीने तीस वर्षांनी वेगळ्या रूपात परत आली.

ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८१ मध्ये 'झेडएक्स ८१' काढला. त्यात स्मृती होती अवघी १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट. ३२ अक्षरांच्या २४ ओळी पूर्ण भरल्या तर ओळींच्या खुणांसह ७९३ बाइट लागत. मग प्रोग्रामला उरणार काय? म्हणून ओळीत जेवढी अक्षरे लिहिली असतील तेवढीच साठवायची, उरलेली जागा गृहीत धरायची, असा मार्ग काढला. पडदा रंगवण्याचे कामही प्रोसेसरच करी. त्यामुळे दोन पद्धती दिल्या होत्या : 'स्लो' पद्धतीत चित्र दिसत राही, 'फास्ट' पद्धतीत गणित सुमारे चौपट वेगाने होई, पण तेवढा वेळ पडदा कोरा पडे. पडद्याची वेळेची भूक इतकी उघडपणे दाखवणारे दुसरे यंत्र सापडणे कठीण.

त्याच कंपनीचा 'स्पेक्ट्रम' १९८२ मध्ये आला. भारतातही डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन तो विकायला आणला होता, त्यामुळे काही वाचकांनी तो हाताळलाही असेल. त्याच्या पडद्यावर २५६ गुणिले १९२ बिंदू होते. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंगासाठी ४ बिट दिले असते, तर २४,५७६ बाइट लागले असते. स्पेक्ट्रमने ६,९१२ बाइटांत भागवले. प्रत्येक बिंदूला एकच बिट दिला आणि ८ गुणिले ८ बिंदूंच्या प्रत्येक चौकोनाला मिळून रंगांचा एक बाइट. याचा परिणाम असा, की एका चौकोनात दोनच रंग येत. हिरव्या झाडासमोरून लाल पक्षी उडाला, तर झाडाचे काही तुकडे लाल होत. मुले हसत आणि खेळत राहत.

स्पेक्ट्रमने वेळेची वाटणी वेगळ्या प्रकारे केली होती. ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये स्मृतीचा खालचा १६ किलोबाइटचा भाग पडदा आणि प्रोसेसर यांच्यात सामाईक होता, वरचा ३२ किलोबाइटचा भाग एकट्या प्रोसेसरचा. खालच्या भागात पडद्याची पाळी चालू असली की प्रोसेसरला थांबवले जाई. म्हणून जाणकार मंडळी ज्या कामाला वेग हवा, तो प्रोग्राम वरच्या भागात ठेवत.

आपल्या शाळांतील पहिला धडा

आता ज्या यंत्राशी आपल्या शाळांचा थेट संबंध आला, त्याकडे वळू. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे अडीचशे शाळा त्यात होत्या आणि त्यांच्यासाठी निवडलेला संगणक होता 'बीबीसी मायक्रो'. ब्रिटनमधल्या एकॉर्न या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याची रचना केली होती. तो तेथे १९८१ मध्ये आला.

प्रोसेसर ॲपलचाच, पण दुप्पट वेगाचा. स्मृती त्याहूनही वेगवान निवडली होती. सेकंदाला ४० लाख वेळा ती वाचता येई. त्यापैकी २० लाख पाळ्या प्रोसेसरच्या आणि २० लाख पडद्याच्या. कोणीही कोणासाठी थांबत नसे. वेळेचा प्रश्न असा सुटला, जागेचा मात्र सुटला नाही.

बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी मध्ये ३२ किलोबाइट स्मृती होती. पडद्याच्या आठ पद्धती होत्या आणि कोणती निवडायची हे वापरणाऱ्याने ठरवायचे. 'मोड ७' मध्ये फक्त अक्षरे आणि ठोकळेबाज आकृत्या, ४० अक्षरांच्या २५ ओळी. त्याला १ किलोबाइट पुरे. 'मोड २' मध्ये १६० गुणिले २५६ बिंदू आणि प्रत्येकाला ४ बिट. गुणाकार करून पाहा, बरोबर २० किलोबाइट होतात. फ्लॉपी जोडलेल्या यंत्रात तिच्या व्यवस्थेसाठीही काही स्मृती राखलेली असे. सगळी वजाबाकी केली की प्रोग्रामसाठी मोड ७ मध्ये पावणेपंचवीस किलोबाइट उरत आणि मोड २ मध्ये फक्त पावणेसहा.

याचा अर्थ वर्गात काय होई, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. अपवर्तनाचे रंगीत चित्र हवे तर प्रोग्राम तोकडा करायचा. प्रश्नपेढी मोठी हवी तर चित्र सोडायचे. दोन्ही मागितले, की पडद्यावर 'नो रूम' असा संदेश येई. जागा नाही! संगणकातले चित्र फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजतो, हा धडा त्या यंत्राने रोज शिकवला. पण वाटणीची दुसरी बाजूही पाहायला हवी. पडद्यासाठी २० किलोबाइट स्मृती वेगळी बसवावी लागली असती, तर यंत्राची किंमत वाढली असती. सामाईक स्मृतीमुळेच चित्र काढणारा संगणक शाळेच्या आवाक्यात आला.

वेगळी चूल

याच काळात आयबीएम कंपनीने दुसरा मार्ग धरला. तिचा 'पीसी' १९८१ मध्ये आला तेव्हा पडद्याचे काम वेगळ्या कार्डाकडे दिले आणि त्या कार्डावर त्याची स्वतःची स्मृती बसवली. फक्त अक्षरे दाखवणाऱ्या कार्डावर ४ किलोबाइट, रंगीत कार्डावर १६ किलोबाइट. ज्याला जसे हवे तसे कार्ड त्याने घ्यावे. पडद्याने अशी वेगळी चूल मांडली.

पण चूल वेगळी झाली तरी अंगण एकच राहिले. त्या प्रोसेसरला एकूण १ मेगाबाइट स्मृतीचे पत्ते ओळखता येत. त्यांपैकी ६४० किलोबाइटच्या वरचे पत्ते पडद्याची कार्डे आणि इतर व्यवस्थेसाठी राखून ठेवले गेले. पुढे दहा-बारा वर्षे डॉसवर काम करणाऱ्यांना ज्या ६४० किलोबाइटच्या भिंतीने छळले, ती या राखीव पत्त्यांमुळे उभी राहिली होती. शिवाय चित्र बदलायचे तर प्रोसेसरला कार्डाच्या स्मृतीत लिहावेच लागे. रंगीत कार्डावर ८० अक्षरांच्या ओळी दाखवताना प्रोसेसर मध्येच लिहायला गेला, की पडद्याचे वाचन चुके आणि पडद्यावर बर्फ भुरभुरल्यासारखे ठिपके उमटत.

आयबीएमनेच १९८४ मध्ये घरगुती वापरासाठी 'पीसी ज्युनियर' विकायला आणला, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी पडद्याला मुख्य स्मृतीत वाटा दिला. परिणाम असा झाला, की त्याच्या मूळ स्मृतीत चालणारे प्रोग्राम पीसीपेक्षा हळू चालत, कारण पडद्याची पाळी आली की प्रोसेसर थांबे. अडचणीचा कीबोर्ड, चढी किंमत अशी इतर कारणेही होती. १९८५ मध्ये ते यंत्र बंद झाले.

ॲपलला जमले ते येथे का जमले नाही? ६५०२ च्या काळात स्मृती प्रोसेसरपेक्षा वेगवान होती आणि तिच्याजवळ मोकळा वेळ होता. पुढे प्रोसेसरचा वेग झपाट्याने वाढत गेला, स्मृतीचा वेग त्या मानाने वाढला नाही. मोकळ्या पाळ्या संपल्या. आता वाटून घ्यायचे म्हणजे कोणाचे तरी काम अडवायचे, अशी स्थिती आली. म्हणून १९९० च्या सुमारास पीसीमध्ये वेगळे कार्ड हाच नियम झाला.

रहाटगाडगे

येथे थोडे मागे जाऊ. १९६८ मध्ये टी. एच. मायर आणि आयव्हन सदरलँड यांनी पडद्याचे काम करणाऱ्या प्रोसेसरच्या रचनेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी एक गमतीदार गोष्ट नोंदवली आहे. आधी पडद्याचे काम मुख्य प्रोसेसरच करतो. त्याच्यावर भार पडतो, म्हणून मदतीला एक साधा जोडीदार देतात. जोडीदाराला थोडी अधिक अक्कल दिली तर बरे, म्हणून ती देतात. मग त्याला स्वतःची स्मृती हवी होते. असे करता करता तो स्वतःच पूर्ण संगणक होतो, आणि त्याच्याही मदतीला कोणीतरी हवे, असे वाटू लागते. चक्र जेथून निघाले तेथेच परत येते. या चक्राच्या काही फेऱ्या स्वतः मारल्यावरच ते त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी त्याला पुनर्जन्माचे चक्र म्हटले. आपण रहाटगाडगे म्हणू.

रहाटाला फिरवते कोण? आमच्या मते जागेची किंमत आणि स्मृतीचा वेग यांचे गुणोत्तर. ते बदलले की शहाणपणाचे उत्तरही बदलते. पुढच्या फेरीत हे स्पष्ट दिसते.

पुन्हा एका चुलीवर

१९८९ नंतरच्या प्रोसेसरांमध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. त्यांच्या पोटातच थोडी अतिशय वेगवान स्मृती बसवली जाऊ लागली. तिला कॅश म्हणतात. रोज लागणारी भांडी हाताशी ठेवावीत, तसे नेहमी लागणारे अंक प्रोसेसर तेथे ठेवतो आणि मुख्य स्मृतीकडे कमी वेळा जातो. मुख्य स्मृतीला पुन्हा मोकळा वेळ मिळू लागला. त्यातच १९९६ मध्ये स्मृतीच्या चिपच्या किमती जगभर कोसळल्या. रहाट फिरायला इतके पुरे होते.

१९९७ च्या फेब्रुवारीत सायरिक्स कंपनीने 'मीडिया जीएक्स' हा प्रोसेसर आणला. ग्राफिक्स त्याच्या पोटातच होते आणि चित्र मुख्य स्मृतीत. वाचनाचा भार हलका करण्यासाठी चित्राच्या ओळी दाबून छोट्या करून ठेवण्याची युक्ती त्यात होती. कॉम्पॅकने हा प्रोसेसर घालून ९९९ डॉलरचा संगणक विकला. हजार डॉलरांच्या आतला नामांकित कंपनीचा संगणक ही त्या वेळी मोठीच गोष्ट होती.

इंटेलने १९९८ मध्ये वेगळे कार्ड करून पाहिले. '७४०' नावाच्या तिच्या ग्राफिक्स चिपला चित्रातल्या पृष्ठभागांचे नमुने मुख्य स्मृतीतून खास रस्त्याने मागवता येत. पण तो रस्ता अरुंद पडला आणि स्वतःची स्मृती बाळगणारी इतरांची कार्डे पुढे निघून गेली. मग एप्रिल १९९९ मध्ये इंटेलने '८१०' हा चिपसंच आणला आणि ग्राफिक्स मदरबोर्डवरच बसवले. सुरुवातीला थोडी स्मृती राखून ठेवायची आणि बाकीची गरज पडेल तशी मागून घ्यायची, अशी व्यवस्था त्यात होती. राखून ठेवलेल्या भागाला इंटेलच्या कागदपत्रांत 'स्टोलन मेमरी' म्हणतात, म्हणजे चक्क चोरलेली स्मृती! लेखाच्या सुरुवातीला जो कमी पडलेला आकडा पाहिला, त्यातला मोठा भाग हाच.

त्या काळचा हिशेब पाहा. १,०२४ गुणिले ७६८ बिंदू, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ७५ वेळा : सुमारे १२ कोटी बाइट. सेकंदाला १० कोटी ठोके आणि प्रत्येक ठोक्याला ८ बाइट या वेगाची स्मृती जास्तीत जास्त ८० कोटी बाइट देऊ शके. म्हणजे पडद्याचा वाटा साधारण सातवा हिस्सा. आल्टोत हाच वाटा निम्म्याहून अधिक होता.

मीडिया जीएक्सचा वंश पुढे 'जिओड' या नावाने चालला. २००७ मध्ये 'प्रत्येक मुलामागे एक संगणक' या योजनेचा हिरवा-पांढरा लॅपटॉप निघाला, त्यात जिओडच होता. रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा शाळेत त्याच वर्षी या लॅपटॉपचा प्रयोग झाला. त्यात २५६ मेगाबाइट स्मृती होती आणि पडद्याचा वाटा तिच्यातूनच जाई. पण त्याच्या रचनाकारांनी पडद्याजवळ एक वेगळी चिप आणि तिच्यासाठी छोटी वेगळी स्मृतीही बसवली. मूल पान वाचत बसले असेल तेव्हा चित्र त्या छोट्या स्मृतीत उतरवून मुख्य प्रोसेसरला झोपवता येई. विजेची बचत होई. सामाईक आणि वेगळी, दोन्ही व्यवस्था एकाच यंत्रात आल्या.

आतापर्यंतची वाटणी मुख्यतः पैसे वाचवण्यासाठी होती. पण तिचे आणखी एक कारण हळूहळू पुढे येत होते. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा 'ओ-२' हा १९९६ मधला संगणक अभियंते आणि चित्रपटवाल्यांसाठी होता, स्वस्त मुळीच नव्हता. तरी त्यात सगळी स्मृती एकत्र होती. कारण स्मृती वेगळ्या असल्या की तीच माहिती इकडून तिकडे नक्कल करून न्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. एकत्र स्मृतीत प्रोसेसरने लिहिलेले ग्राफिक्सला जागच्या जागी वाचता येते. २०११ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणले. २०१४ मधल्या एएमडीच्या 'कावेरी' या चिपमध्ये दोघेही स्मृतीचे तेच पत्ते वापरू लागले. २०२० मध्ये ॲपलने 'एम-१' ही चिप काढली, त्यात सामाईक स्मृती हेच वैशिष्ट्य म्हणून मिरवले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजड प्रारूपे चालवणाऱ्यांना आज अशा यंत्रांचे आकर्षण वाटते, कारण ग्राफिक्स प्रोसेसरला तेथे जवळजवळ सगळी स्मृती वापरता येते.

शाळेसाठी संगणक घेताना

आज पडद्याची मूळ भूक फारशी जाणवत नाही. नेहमीच्या वेगाची एक रॅमपट्टी सेकंदाला सुमारे २,५०० कोटी बाइट देऊ शकते आणि पडदा रंगवायला त्यातले ५० कोटी, म्हणजे शेकडा दोन पुरतात. भूक वाढली आहे ती चित्र तयार करण्याची. त्रिमितीय आकृत्या फिरवताना ग्राफिक्स प्रोसेसर स्मृतीतून कितीतरी पट अधिक वाचतो आणि लिहितो. वेगळ्या कार्डांवरची स्मृती सेकंदाला काही शेकडा गिगाबाइट पुरवते, ती याचसाठी.

यातून शाळांना उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी सांगतो. पहिली, संगणकात 'सामाईक ग्राफिक्स स्मृती' म्हणून एकूण स्मृतीच्या निम्मा आकडा दिसला तर घाबरू नये. ती कमाल मर्यादा आहे, तेवढी स्मृती प्रत्यक्षात अडवलेली नसते. दुसरी, ८ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या दोन मार्गांच्या खोबणींत बसवल्या, तर नळ दोन होतात आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सला त्याचा सर्वांत जास्त फायदा होतो. खरेदीपूर्वी मदरबोर्डवर दोन खोबणी आहेत का, हे विचारून घ्यावे. तिसरी, जुना ४ जीबीचा संगणक रेंगाळत असेल तर वेगळ्या कार्डाचा खर्च करण्याआधी स्मृती वाढवून पाहावी. पडद्याचा वाटा गेल्यावर कमी स्मृतीच्या यंत्रातच ओढाताण अधिक होते.

वर्गासाठी एक उपक्रमही सुचवावासा वाटतो. मुलांना १६ गुणिले १६ चौकोनांचा कागद द्या आणि दोन पद्धतींनी रंगीत चित्र काढायला सांगा. पहिल्या पद्धतीत प्रत्येक चौकोनाला १६ रंगांपैकी हवा तो रंग. दुसरीत स्पेक्ट्रमचा नियम, ८ गुणिले ८ च्या प्रत्येक गटात दोनच रंग. मग दोन्हींना किती बाइट लागले ते मोजू द्या. पहिलीत १२८ येतील, दुसरीत ३६. स्पेक्ट्रमच्या नियमात आपले चित्र बसवण्यासाठी मुले काय काय क्लृप्त्या काढतात, ते अवश्य टिपून ठेवा. १९८२ साली ते यंत्र वापरणाऱ्यांनाही हेच करावे लागले होते.